डाव्या पॅडलची टोपी

रस्त्यांना अजून डांबर लागलं नव्हतं आणि सायकलींना बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. सगुणा नर्सच्या सायकलच्या डाव्या पॅडलच्या टोकाची टोपी खडकाळ वाटेत कुठेतरी पडली. आत धूळ शिरू लागली आणि पॅडल अडकत अडकत फिरू लागलं.

सगुणाबाईंनी नवी टोपी आणली, पण ती निळी निघाली. बसवायला गेल्या की पॅडल हिसका देई आणि टोपी उडून पडे.

"ही माझी नाही," ते हटून बसलं. "माझी काळी होती. ती सापडेपर्यंत मी उघडंच राहीन."

पॅडलच्या आत फिरणारे पोलादी छर्रे काकुळतीला आले. "अरे, वाट तू बघतंयस, पण धूळ आम्ही खातोय!"

पॅडल वरमलं. आपल्या पोटात कुणी इतकं सोसतंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगुणाबाईंनी छर्रे रॉकेलने धुतले, ग्रीस भरलं आणि टोपी दाबली. या वेळी ती टकन बसली.

तेवढ्यात टेकडीपलीकडून एक माणूस धावत आला. "बाई, लवकर चला! सुनेला कळा सुरू झाल्यात."

सायकल चढाला लागली आणि कुठेही न अडता टेकडी ओलांडून त्याच्या घरी पोचली. थोड्या वेळाने घरातून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. बाहेर भिंतीला टेकलेल्या डाव्या पॅडलने आनंदाने स्वतःभोवती एक गिरकी घेतली.