केरोबाने कुंड्या सांभाळल्या

कुठल्याशा गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक भांडायला येतील, की आमच्या गावात भोळा एकच कसा? तर त्याचं नाव केरोबा. वय तिशीचं, मिशी झुपकेदार, अंगात ताकद बैलाची. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती.

केरोबा राहायचा त्याच्या आत्याकडे. सगुणाआत्याला अभिमान दोनच गोष्टींचा. एक तिची लेक इंदू, आणि दुसरं तिचं परसदार. परसदारी कुंड्याच कुंड्या. कुंड्या म्हणजे काय, तेलाचे रिकामे डबे, गळकी बादली, कान तुटलेलं घमेलं. त्यांत जास्वंद, गुलाब, अबोली. आणि मधोमध एका फुटक्या रांजणात मोगरा.

इंदूला दिली होती पलीकडच्या गावात. तिला सातवा महिना लागला आणि डोहाळजेवण माहेरी करायचं ठरलं. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतात. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सगळे दागिने फुलांचे. लोक ती फुलं बाजारातून आणतात. पण आत्याची जीभ घसरली. ती विहिणीला म्हणाली, "माझ्या इंदूची वाडी घरच्या फुलांची भरणार!"

विहीण कावेरीबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. ती म्हणाली, "आसल्या उन्हाळ्यात? बघू की. घरच्या फुलांची वाडी दिसली, तर पोर बाळंतपणाला तुमच्याकडं ठेवीन. न्हाई दिसली, तर त्याच पावली माघारी नेईन."

"ठरलं!" आत्या म्हणाली.

आणि लगेच न्हाणीत पाय घसरून पडली. पायाला प्लास्टर. खाट पुढच्या खोलीत, परसदार मागं. खाटेवरून तिला एक पानसुद्धा दिसेना. कुंड्या सांभाळायला घरात दुसरं होतं कोण? केरोबा. शहाण्या माणसाने इथंच गोष्ट बंद करून पाणी प्यावं. पण आपल्याला कुठं घाई आहे?

आत्याने केरोबाला खाटेजवळ बोलावलं.

"केरोबा, ऊन लई कडक हाय. सकाळी पाणी घाल, आन् दुपारच्याला कुंड्या सावलीत ठेव."

"ठेवतो, आत्ती."

केरोबाने सकाळी पाणी घातलं. दुपारी तो सावली शोधायला निघाला. परसात मोठं झाड एकही नव्हतं. भिंतीची सावली भिंतीतच शिरून बसली होती. सावली होती ती एकाच ठिकाणी, म्हशीच्या पोटाखाली. चांगली ऐसपैस, काळीभोर. केरोबाने जास्वंदीचे सगळे डबे नेऊन म्हशीखाली ओळीने मांडले. म्हशीने मान वळवली. तिला वाटलं, आज आपल्याला ताट मांडलंय.

"आत्ती," केरोबा सांगायला आला, "जास्वंद सावलीत ठेवली हुती. आता ती सावलीच्या पोटात हाय."

आत्याने सगळं विचारून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आरं येड्या! जो कोन झाडाम्होरं मान खाली घालंल, त्याला आधी मुसकं बांधावं!"

मुसकं म्हणजे मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ती दोरीची जाळी.

"मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय, आत्ती?" केरोबा म्हणाला.

त्याने गोठ्यातून मुसकं काढलं आणि कमरेला खोचलं. आता फक्त कुणीतरी मान खाली घालायची बाकी होती.

घातली ती गुरुजींनी. ते आले होते डोहाळजेवणाचा मुहूर्त सांगायला. पाय धुवायला म्हणून मागच्या दारी गेले. गुलाबाला एक टपोरं फूल आलेलं. "वा!" म्हणाले आणि वास घ्यायला वाकले. केरोबाने मागून झडप घातली आणि मुसकं करकचून आवळलं. गाठ अशी मारली, की तीन बैलांनी ओढली तरी सुटू नये.

गुरुजी तसेच आत्यापुढे येऊन उभे राहिले. डोळे लाल, तोंडाला जाळी.

"मुहूर्त काय निघाला, गुरुजी?" आत्या उशी नीट करत म्हणाली. मग तिने वर पाहिलं.

"उंऽऽ, उंऊंऽऽ!" गुरुजी म्हणाले. मुहूर्त चांगला होता, पण तेव्हा कुणाला कळला नाही.

विळीने गाठ कापावी लागली. गुरुजी पाणीही न घेता गेले. जाताना मुहूर्त रागाने ओरडून गेले, तो अख्ख्या आळीला कळला. मग आत्याने केरोबाला धारेवर धरलं.

"मुडद्या, दारी आल्याला आसं वागवत्यात? पाट मांडावा, गूळपानी द्यावं, हात जोडावं आन् म्हनावं, बसा, पोटभर घ्या, लाजू नका!"

"मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय, आत्ती?"

दुपारी मागच्या दाराने शेळी आली. केरोबाने पाट मांडला. वाटीत गूळ आणि तांब्यात पाणी ठेवलं. हात जोडून म्हणाला, "बसा. पोटभर घ्या. लाजू नका." शेळी बसली नाही. पण लाजलीही नाही. तिने पाटावर पुढचे दोन पाय ठेवले आणि गुलाबाला सुरुवात केली. काटे आहेत म्हणून केरोबाला वाईट वाटलं. तो मधून मधून गूळ पुढे करत होता. तेवढ्यात शेळीची दोन करडं आली. केरोबाने आणखी दोन पाट मांडले.

आत्याला आतून आवाज ऐकू येत होता. पाहुण्यांना एवढं आग्रहाने वाढतोय म्हटल्यावर तिला बरं वाटलं. "कोन आलंय रं?" तिने विचारलं.

"में ऽऽ," पाहुणे म्हणाले.

गुलाब गेला. आत्याने उशी फेकून मारली. "आरं, कुंड्यांकडं कुनी वळलं रं वळलं, की काठी घ्यावी आन् पार गावाच्या शिवंपातूर पिटाळावं! कोन हाय, काय हाय, बघायचंबी न्हाई!"

"मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय, आत्ती?"

केरोबाने चांगली जाडजूड काठी निवडली आणि तो दबा धरून बसला.

आता बघा, यायची वेळ कुणाची व्हावी? कावेरीबाईची. घरच्या फुलांची किती तयारी झाली ते आधीच डोळ्यांनी बघावं म्हणून ती न सांगता आली, आणि पुढून न येता गुपचूप मागून आली. कुंड्यांकडे वळली. कोण आहे, काय आहे, हे केरोबाने बघितलं नाही. तसं बजावलंच होतं. विहीणबाई अंगाने भारी, पायात नव्या चपला, पण त्या दिवशी शिवेपर्यंत ती केरोबाच्या चार पावलं पुढेच होती. केरोबाने नंतर तिची तोंड भरून तारीफ केली. शेळीलासुद्धा एवढं पळता आलं नसतं, म्हणाला.

शिवेवर उभी राहून कावेरीबाईने गुराख्याच्या हाती निरोप धाडला. "डोहाळजेवनाला येईन. एकेक कळी तपाशीन. आन् जाताना इंदूला घिऊन जाईन, ते तर आता ठरल्यालंच समजा."

निरोप ऐकून आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रागवायचं त्राण उरलं नाही. पोरीचं पहिलं बाळंतपण. आपल्या हाताखाली व्हावं, तिला आपल्या हातचे डिंकाचे लाडू खायला घालावेत, एवढंच तिला हवं होतं. आणि आता राहिलं काय, तर थोडी अबोली आणि तो एक मोगरा.

केरोबालाही वाईट वाटलं. भोळा असला तरी माणूस होता. तो खाटेजवळ येऊन बसला.

"आत्ती, अबोली मलूल झालीया. उन्हानं मान टाकलीया तिनं. काय करू?"

आत्याने डोळे पुसले. ठरवलं, की आता याला अर्धंमुर्धं सांगायचं नाही. सगळं सांगायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"नीट ऐक. झाड उन्हानं मलूल झालं की त्याला मोठ्या कुंडीत बशीव. पायाशी वली माती आन् शेनखत घाल, हातानं दाब. पाठीला काठी रोव, सुतळीनं सैल बांध. भोवती वलं गोनपाट गुंडाळ. आन् त्याच्यावर जी फुलं असतील ती समदी खुडून टाक."

"फुलं कशापायी खुडायची?"

"झाड आधीच दमल्यालं आसतंय रं. त्यात फुलांचा भार कशाला? खुडल्याली फुलं टाकू नगं, तिथंच पायाशी मातीत पूर. त्याचं खत हुतंय. मग झाड आसं फुटतंय, आसं फुटतंय, की फुलं ठेवायला जागा पुरत न्हाई. फकस्त मूळ धरंपातूर हलवायचं न्हाई."

"आन् मोगऱ्याला?"

"त्याला हातबी लावू नगं! नुसतं सकाळ-सांजचं पानी."

आणि काय सांगावं! केरोबाने सांगितलं तसंच केलं. अबोलीलाच केलं. बादलीऐवजी मोठ्या हंड्यात बसवली, माती दाबली, काठी लावली, गोणपाट गुंडाळलं. अबोली उभी राहिली. नवे तुरे आले. मोगऱ्याला तो फक्त पाणी घालत राहिला. मोगरा असा कळ्यांनी भरला, की शेजारच्या बाया वास घेत कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. दुरूनच. मुसक्याची गोष्ट सगळ्यांना कळली होती.

आत्याला खरं वाटेना. केरोबाने ओंजळभर कळ्या खाटेवर आणून ओतल्या, तेव्हा तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "गुनाचं रं माझं लेकरू!" म्हणाली. केरोबा लाजला. त्याला कुणी असं म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. शेजारणींनी मोगरा आणि अबोली गुंफून वाडी केली. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, पाठीवर वेणी. आदल्या दिवशीच माहेरी आलेल्या इंदूला हिरवी साडी नेसवली, फुलांनी मढवली. आत्या खाटेवरून बघतच राहिली. एकेक फूल घरचं!

पण ऊन मरणाचं. त्यात पोटुशी बाई. पाय सुजलेले. इंदूला घाम फुटला, तिची मान कलायला लागली. तेवढ्यात कावेरीबाईची गाडी वेशीत आल्याची ओरड झाली. सगळ्या बाया औक्षणाचं ताट घेऊन पुढच्या दारी धावल्या. आत्या घाबरून म्हणाली, "केरोबा, पोर मलूल झाली रं माझी! बघ की, मानच टाकली तिनं. मागच्या दारी जरा गारवा आसंल, तिथं ने आन् काय करायचं ते कर. विहीनबाईम्होरं पोर कशी टवटवीत दिसली पायजे!"

केरोबाने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पुढचं काही विचारावं लागलं नाही. सगळं आधीच सांगून झालं होतं.

इकडे कावेरीबाईचं औक्षण झालं. ती आल्या आल्या म्हणाली, "पोर कुठंय? वाडी कुठंय?"

"मागच्या दारी हाय, गारव्याला बसवलीया," आत्या ऐटीत म्हणाली. "चला, दावते. एकेक कळी तपासा." तिला खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. पुढं आत्याची खुर्ची, मागं कावेरीबाई, तिच्यामागं पन्नास बाया, सगळ्यांत शेवटी तोंडावर उपरणं धरून गुरुजी. अशी वरात परसदारी आली.

परसाच्या मधोमध तांब्याचं मोठं घंगाळ होतं. त्यात स्टुलावर इंदू बसली होती. गुडघ्यापर्यंत ओली माती आणि शेणखत, वरून थापून थापून दाबलेलं. पाठीला वेळूची काठी, काठीला सुतळीने सैल बांधलेली. भोवती ओलं गोणपाट. डोक्यावर मुकुट नाही, दंडावर बाजूबंद नाही, कमरेला पट्टा नाही, केसांत एक पाकळी नाही. सुजलेल्या पायांना गार माती लागल्याने पोरीला बरं वाटलं होतं, आणि ती गाढ झोपी गेली होती. केरोबा शेजारी झारी घेऊन उभा होता. पाणी तो बरोबर बुंध्याशी घालत होता.

सगळ्यांत आधी पुढे झाली ती कावेरीबाई.

"वाडी कुठंय? एक तरी फूल दावा! उठ गं इंदे, चल घरला!"

तिने इंदूचा हात धरला. केरोबा झारी टाकून आडवा आला.

"हां हां, हलवू नगा! आजून मूळ धरल्यालं न्हाई."

आत्या खुर्चीतून पुढे वाकली. "आरं केरोबा," ती म्हणाली, "माझ्या लेकीची फुलं कुठं हायती?"

"खुडली की. पायाशी पुरली समदी," केरोबा आनंदाने म्हणाला. त्याने कावेरीबाईकडे वळून हात जोडले, तिच्यासाठी पाट मांडला आणि गूळपाणी पुढे केलं.

"बसा, विहीनबाई. लाजू नगा. आत्तीनं घरची फुलं दावते म्हनून शबूद दिलाय न्हवं? मग झाडाची फुलं कशाला बघायची? मूळ धरू द्या, हिलाच फुटतील."