सहीला नकार

करकायदा शिकवणारे वकील रेडकर सर वर्गात सांगत, “समोरच्याचा कागद खोटा म्हणू नका. खरा धरून चाला, आपोआप उघडा पडतो.”

एकदा ते मनोरमाबाईंना घेऊन करअधिकाऱ्यापुढे उभे राहिले. अधिकारी गुरकावला, “यांच्या नवऱ्याला दंड होणारच! गेल्या महिन्यात आमच्या शिपायाने नोटीस त्याच्या हातात दिली. त्याने सहीला नकार दिला, तसा शेरा आहे.”

सरांनी मृत्यूचा दाखला पुढे केला. नवरा जाऊन आठ महिने झाले होते.

“दाखले कुणीही आणतं. आमचा शेरा खोटा नसतो.”

“शेरा मान्य आहे, साहेब,” सर म्हणाले. “फक्त त्या शिपायाला बोलवा. नकार देताना यांचे यजमान आणखी काही बोलले का, एवढंच बाईंना विचारायचंय.”

अधिकाऱ्याने शेरा खोडला. मनोरमाबाई मात्र दाराकडेच बघत राहिल्या.