धनेशाची ढोली

माणसांच्या पायवाटा अजून जंगलात शिरल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. धनेश पक्ष्याच्या जोडप्याने एका म्हाताऱ्या शेकरूकडून ढोली घेतली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत शेकरूला रोज एक उंबर द्यायचं, मग ढोली त्यांची, असं ठरलं.

मादी अंडी घालायला आत शिरली. त्यांच्या रीतीप्रमाणे तिने दार चिखलाने लिंपून घेतलं आणि चोचीपुरती फट ठेवली. आता नर भरवील तेवढंच तिचं खाणं.

“पिल्लं हक्काच्या घरातून उडू देत,” म्हणत धनेश शेकरूला रोज दोन उंबरं देऊ लागला.

मग वादळात त्याचा पंख दुखावला. फेऱ्या निम्म्यावर आल्या.

“अरे, एकच दे. मला कुठे घाई आहे?” शेकरू म्हणालं. धनेशाने ऐकलं नाही. शेकरूची दोन उंबरं देऊन उरेल ते तो फटीतून आत द्यायचा.

“पुरतं ना गं तुला?”

“भरलंय माझं पोट. तुम्ही ढोलीचं बघा.” आतला आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

शेवटचं उंबर देऊन धनेश ढोलीपाशी आला.

“ऐकलंस का? घर आपलं झालं.”

फटीतून एक इवलीशी चोच बाहेर आली आणि खाऊ मागू लागली. तिच्यामागून मात्र कुणी ओ दिली नाही.