तारवाची कडी

सुगी झाली की आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीची उपासना होते. त्या वर्षी शहरातले नामांकित उपदेशक अमोलिकसाहेब आले होते.

"शेवट जवळ आलाय!" ते गरजले. "जलप्रलयातून वाचवणारं नोहाचं तारू ही या मंडळीचीच छाया होती, पूर्वचिन्ह! बाहेरचे सगळे बुडणार!"

एवढं बोलून त्यांनी स्वतः देवळाचं दार लावलं, कडी घातली आणि कडीवर हात ठेवून तिथेच उभे राहिले.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "सुलोचना, अगं दार उघड!" माझी आई होती. शेजारच्या गावची, दुसऱ्या मंडळीची. उपकाराचं अर्पण म्हणून कोंबडी घेऊन चालत आली होती.

"उघडायचं नाही!" साहेब म्हणाले. माझे डोळे भरून आले.

तेव्हा माझ्या सासूबाई उठल्या. "साहेब, तारवाचं दार नोहाने लावलं होतं का हो?"

"छे! शास्त्रात स्पष्ट आहे. परमेश्वराने लावलं."

"मग त्याची कडी तुमच्या हातात कशी?"

साहेबांचा हात आपोआप खाली आला. सासूबाईंनी दार उघडलं. आधी कोंबडी आत पळाली, मागून आई.

मग लोकांनी पावसापाण्याचे, पिकाचे उपकार मानले. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "देवा, तू मला ही सासू दिलीस."

"पुरे," सासूबाई पुटपुटल्या. "आधी ती कोंबडी धर."