पहिलं पाणी ओतून द्यायचं

ह्यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव. नाही मानता यायचा. मलाच येत नाही, आणि मी तर सांगतेय. बस इथं. पाय वर घे, मुंग्या आहेत.

एका गावात एक भोळा बाबल होता. समुद्राकाठचं गाव. सगळ्या विहिरी मचूळ. एकट्या बाबलच्या परसातली विहीर गोड्या पाण्याची. बाबलला अक्कल नव्हती, पण विहीर होती.

त्याच गावात तांडेलमामा होते. सगळ्या गावाचेच मामा. जन्मभर बोटीवर भात शिजवला नि म्हातारपणी चीन देशातून ट्रंकभर चहा घेऊन घरी आले. त्यात दूध नाही, साखर नाही, नुसता पाला. हा पोटाला चांगला, तो डोळ्यांना, हा अंगातली उष्णता काढतो, तो चरबी धुतो. मामा दिवसभर सांगायचे. पण मचूळ पाण्यात सगळे चहा एकाच चवीचे. खारट.

म्हणून मामांनी ठरवलं, आपली कुमुद बाबलला द्यायची. म्हणजे पाणी घरचंच झालं.

कुमुद रडली. "बाबा, तो वेडा आहे हो!"

"वेडा नाही, भोळा आहे."

"फरक काय त्यात?"

"विहिरीचा."

मामांच्या घरात त्यांची पुतणी यमी पण होती. आईबाप नाहीत, शाळा अर्धी सोडलेली, दाराआड उभी राहून खिदळायची. तिला कुणी मागणी घालत नव्हतं. घालणाऱ्यालाच ती हसायची.

इकडं बाबलची आई म्हणाली, "हे बघ, मामा सांगतील ते नीट ऐक. तेवढी सून माझ्या घरात येऊ दे."

बाबल म्हणाला, "बरं." तो ऐकायचा. तीच तर पंचाईत.

एके दिवशी मामांनी त्याला ट्रंकेतनं एक काळी चकती काढून दाखवली. थापलेली, वाळलेली, गोल.

"शेणी?" बाबल म्हणाला.

"चहा आहे रे! जुना. जितका जुना तितका गुणाचा. पोट कसं स्वच्छ होतं."

"बरं. लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं. दुसऱ्या दिवशी मामा जेवायला यायचे होते. आईनं बाजारात पाठवलं, बांगडे आण म्हणाली. कोळीण म्हणाली, "घे रे, आत्ता होडीतनं उतरलेत."

"नको. जुने आहेत का?"

"परवाचे आहेत. मांजराला ठेवलेत."

"त्याच्या आधीचे?"

आईला पडसं झालेलं, तिला वास आला नाही. मामा पोटभर जेवले. मग मामांचं पोट स्वच्छ झालं. होतच राहिलं.

उठून बसता आलं तेव्हा मामा म्हणाले, "गाढवा, मासळी ताजी घ्यायची! जुना फक्त चहा. आणि तोही असा उघडा टाकायचा नाही. शेजारचा वास ओढून घेतो. वासाचं काही आलं की त्याला लांब बंद करून ठेवायचं. कळलं?"

"कळलं. लक्षात ठेवतो."

पुढच्या सोमवारी लग्नाची तारीख काढायला मामांची बहीण आली. वच्छीआत्या. मासे विकून टोपलीसकट थेट आलेली. येऊन बसली ती मामांच्या ट्रंकेला टेकूनच.

बाबलनं एकदा आत्याकडं बघितलं, एकदा ट्रंकेकडं.

"आत्या, जरा लाकडांच्या खोपीत चला."

"कशाला रे?"

"चला तर."

आत्या आत गेली. बाबलनं बाहेरनं कडी घातली. आत्या ओरडली. बाबलनं फटीत चिंध्या कोंबल्या.

तारीख काढायला आत्या कुठं दिसेना. सगळे शोधतायत, बाबलही शोधतोय. शेवटी यमीनं विचारलं, "काय रे, तू कुणाला शोधतोस?"

"आत्याला."

"आत्या कुठंय?"

"खोपीत."

आत्या बाहेर आली ती लाकूड हातात घेऊनच. मामांनी कसंबसं तिला बसवलं. विहिरीची आठवण करून दिली.

मग त्यांनी बाबलला समोर घेतलं. "माणसाला कोंडतात का रे? असा उतावीळपणा नको. चहाकडनं शीक. हा बघ, पाला कसा मुटकुळं करून पडलाय. त्याच्यावर गरम पाणी ओतायचं. झाकायचं. गप बसायचं. आपोआप उलगडतो."

"बरं. लक्षात ठेवतो."

आता मामांचे वडील, तात्या, ओटीवर असायचे. संधिवातानं अंगाचं मुटकुळं झालेलं. बाबलनं त्यांच्याकडं बघितलं. त्याला फार वाईट वाटलं. मनानं चांगला होता हो. न्हाणीतनं गरम पाण्याची कळशी आणली, तात्यांवर ओतली, वर भात भरायचा मोठा बांबूचा हारा पालथा घातला नि हाऱ्यावर बसला.

मामा आले. "तात्या कुठायत?"

"मुरतायत."

कढत पाणी नव्हतं म्हणून निभावलं. पण हारा उचलला तसे तात्या उलगडले. असे उलगडले की काठी विसरून सरळ कुंपणापर्यंत पळाले. वर्षानुवर्षं कुणी त्यांना उभं बघितलेलं नव्हतं. मामांना रागवायचं होतं, पण कशावरनं सुरू करावं तेच कळेना.

शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी मामांनी सगळ्यात चांगला चहा काढला. पाणी बाबलच्या विहिरीचं. कुमुदनं रडत रडत पेल्यात ओतलं. बाबलनं उचलून तोंडाला लावलं.

"थांब!" मामा ओरडले. "पहिलं पाणी ओतून द्यायचं! पहिल्यात धूळ असते. दुसरं घ्यायचं. खरा गुण दुसऱ्यात, खरी गोडी दुसऱ्यात. उद्या माझा जावई होणार तू. एवढं एक तरी जन्मभर विसरू नकोस."

"नाही विसरत."

यमी दाराआडनं म्हणाली, "आणि चार माणसांत तर मुळीच विसरू नको हं, बाबल."

"बरं," बाबल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. तात्या पण आले, चालत. बाबलपासून लांब बसले. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली. अक्षता पडल्या. अंतरपाट खाली आला. समोर कुमुद, डोळे सुजलेले. तिच्या मागं करवली म्हणून दिवा धरून यमी. कुमुदनं हार घातला.

बाबलनं हातातला हार उचलला. नि थांबला. काहीतरी आठवायला लागला.

आई पुटपुटली, "घाल रे!"

बाबल म्हणाला, "ही पहिली."

त्यानं गळ्यातला हार काढून नीट कुमुदच्या हातात दिला. तिला दोन्ही हातांनी हळूच बाजूला केलं. एक पाऊल पुढं गेला नि आपला हार यमीच्या गळ्यात घातला.

वाजंत्री थांबली.

"अरे, हे काय केलंस!" मामा किंचाळले.

"दुसरी घेतली, मामा. चार माणसांत विसरलो नाही."

भटजी म्हणाले, नवऱ्यानं एकदा घातलेला हार आता काढता यायचा नाही. वच्छीआत्या लाकूड शोधायला लागली. कुमुदचं रडणं मात्र एकदम थांबलं. हातातला हार तिनं पटकन यमीच्या हातात कोंबला. यमीनं दिवा खाली ठेवला नि तो हार बाबलच्या गळ्यात घातला. हसू दाबून दाबून तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. लोकांना वाटलं, पोरगी लाजली.

मामा मटकन पाटावर बसले. मग त्यांनी बाबलच्या आईला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पुतणीच्या सासरचं पाणी चालतं ना हो आणायला?"

चाललं. अजून चालतंय.

आता खरी यमी होती की नाही, नि तिनं मुद्दाम सांगितलं की सहज, असलं मला विचारू नकोस. मला काय ठाऊक?

"यमे! पहिला ओतून दिलास का गं?"

दिला हो, दिला! आणते दुसरा!

तू काय बघतोस असा? जा आता.