काळ्या लोकरीची टोपली

धवलपुरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका वैद्याच्या घरी मुलीचा जन्म घेतला. तिचे नाव रेवती. ती आठ वर्षांची झाली तेव्हा आजोबांनी, पिंगल वैद्यांनी, तिला शोधनगृहाच्या उंबऱ्यावर बसवून घराण्याचा नियम सांगितला. ज्याचे अंग दुखते त्याच्या अंगात मळ साचलेला असतो. त्याला पोट साफ करणाऱ्या काढ्याचा पेला द्यावा. पेला घेऊनही ज्याचे दुखते त्याचा मळ उरलेला असतो. त्याला आणखी पेले द्यावेत.

"आणि तरीही दुखलं तर?" रेवतीने विचारले.

"हा नियम विचारायचा नसतो," आजोबा म्हणाले.

धवलपूर हे घोंगड्यांचे गाव होते. मागावरून उतरलेली घोंगडी रिठ्याच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवावी लागे, तेव्हा कुठे तिची वीण दाट होई. तुडवणाऱ्या बायका उजाडल्यापासून नदीत गुडघाभर गार पाण्यात उभ्या असत. चार वर्षांत गुडघे धरत, मग कंबर धरे, आणि झोपून उठले तरी थकवा जात नसे. तेव्हा त्या शोधनगृहात येत. तिथे सात दिवस उपास, आणि रोज सकाळी निशोत्तराच्या काढ्याचा एक पेला. त्याने पोट धुऊन निघे. हा पेला वैद्याच्या घरातल्या सर्वांत लहान माणसाच्याच हातून दिला जाई. दुसऱ्या कोणाच्या हातचा तो औषध मानला जात नसे.

आठव्या दिवशी निघताना दाराशी एक टोपली असे. तिच्या एका बाजूला पांढऱ्या लोकरीचा ढीग, दुसऱ्या बाजूला काळ्या. बरे वाटले त्याने पांढरा पुंजका टोपलीत टाकायचा, दुखत असेल त्याने काळा. काळा टाकणारा पुन्हा सात दिवस राही. वर्ष सरले की पिंगल वैद्य आणि त्यांचे दोघे वृद्ध सहकारी ती टोपली राजाला दाखवायला नेत. ती नेहमीच कापसासारखी पांढरी दिसे.

रेवतीने दहा वर्षे पेले दिले. या दहा वर्षांत तिने घरातल्या सगळ्या पोथ्याही वाचून काढल्या. दुबळ्याचे शोधन करू नये, त्याला आधी भरवावे, असे त्यांतल्या एकीत लिहिले होते. तिने ते पान आजोबांपुढे धरले.

"ते पान जुनं आहे," आजोबा म्हणाले.

"तुम्हीही जुनेच आहात, आजोबा. तुमचं मात्र सगळे ऐकतात."

त्या वर्षी धारिणी नावाची तुडवणारी बाई शोधनगृहात आली. पहिल्या सात दिवसांनी तिने काळी लोकर टाकली. दुसऱ्या वेळी काळी. तिसऱ्या वेळीही काळी.

"बाई, तुझ्या हाताला पांढरा रंग दिसत नाही का?" एका वृद्ध वैद्याने विचारले.

"हाताला दिसतो," धारिणी म्हणाली. "पण मी गुडघ्याला विचारून टाकते."

तिघा वृद्धांनी एकमेकांकडे पाहिले आणि महाशोधन सांगितले. एकवीस दिवस, रोज दोन पेले, अन्न म्हणून फक्त पेजेवरचे पाणी. सुरुवात तीन दिवसांनी, सगळ्या गावासमोर, म्हणजे इतरांनाही कळेल की मळ किती चिवट असतो. धारिणी भिंतीला धरून उठली. तिच्या लाखेच्या बांगड्या घसरून कोपराच्या वर गेल्या. एकवीस दिवसांनी या बांगड्या घालायला हात उरणार नाही, हे रेवतीला स्पष्ट दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नदीवर गेली. कासोटा खोचून ती पाण्यात उतरली आणि बायकांच्या रांगेत उभी राहून घोंगडी तुडवू लागली. बायका हसल्या.

"वैद्यबाई, नाचायला आलात की तुडवायला?"

"विचारायला आले. गेल्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी पांढरी लोकर टाकली. मग आज कमरेला फडकी कशाला बांधली आहेत?"

मग रांगेतली सर्वांत म्हातारी बाई म्हणाली, "पोरी, पांढरी टाकली की घरी जाऊन भाकरी खाता येते. काळी टाकली की तुझा पेला. तू काय टाकली असतीस?"

रेवती थांबली. घोंगडी तिच्या पायाखालून वाहून जाऊ लागली, ती बायकांनी धरली. दहा वर्षे ती टोपली भरताना तिने पाहिली होती, आणि त्यात बरे झालेले किती आणि भुकेले किती, हे तिने एकदाही विचारले नव्हते. पेला तर तिच्याच हातचा होता.

घरी येऊन तिने हे आजोबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले.

"माझ्या तरुणपणी एक धान्याचा व्यापारी इथे आला होता," ते म्हणाले. "अंग इतकं जड, की दोघांनी धरून आणला. सात पेल्यांत तो चालत घरी गेला. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे."

"मी ते खोटं म्हणत नाही. तो दिवसभर गादीवर बसून तूप खात होता. त्याच्या अंगातून काढण्यासारखं पुष्कळ होतं. धारिणीच्या अंगातून काय काढणार आहात? हाडं?"

"चाळीस वर्षं मी हा नियम चालवतो आहे."

"चाळीस वर्षं कोणी तुम्हाला खरं सांगितलं नाही, आजोबा. खरं बोलण्याची शिक्षा तुम्हीच ठेवली आहे."

आजोबा खांबाला धरून उठले आणि आत गेले. अलीकडे ते नेहमीच खांबाला धरून उठत.

ठरल्या दिवशी सगळे गाव शोधनगृहाच्या अंगणात जमले. तिघे वृद्ध ओट्यावर बसले. धारिणीला पाटावर बसवले होते. तिला बसवतही नव्हते, म्हणून तिची बहीण मागून आधार देत होती. काढा भांड्यात तयार होता. रेवतीने पेला भरला, धारिणीपर्यंत नेला, आणि तिथे उभी राहिली.

"दे," आजोबा म्हणाले.

"देणार नाही."

"रेवती, रीत आहे."

"रीत माझ्या हातावर चालते. हा हात आजपासून हिला हे देणार नाही." तिने पेला अंगणाच्या कोरड्या धुळीत ओतला. मग काढ्याचे भांडेही उचलून ओतले. काढा संपला, तशी ती लोकांकडे वळली. "आता गावात पेलाच उरलेला नाही. आज काळी लोकर टाकली तर कोणाला काही प्यावं लागणार नाही. ज्यांनी आजवर पांढरी टाकली, त्यांनी आज गुडघ्याला विचारून टाका."

तिने टोपली उपडी केली आणि रिकामी मध्ये ठेवली.

मग नदीवरची म्हातारी पुढे आली. तिने काळा पुंजका टाकला. तिच्यामागे तिची सून आली. मग बायका येतच राहिल्या, मग विणकर, मग कातणाऱ्या. त्या धान्याच्या व्यापाऱ्याचा नातू आला आणि त्याने पांढरा टाकला, कारण त्याला खरोखर बरे वाटले होते. रेवतीने मान डोलावली. पण त्याचा पुंजका काळ्या लोकरीखाली केव्हाच दिसेनासा झाला. टोपली भरली, सांडली, आणि काळ्या लोकरीचा ढीग संपला.

ओट्यावरचे दोघे वृद्ध टोपलीकडे पाहत राहिले. पिंगल वैद्य खांबाला धरून उठले, एकेक पायरी उतरून खाली आले, आणि जमिनीवर सांडलेल्या लोकरीतला एक काळा पुंजका उचलून त्यांनी टोपलीवर ठेवला.

त्या दिवसापासून धारिणीला मुगाचे कढण आणि तूपभात मिळू लागला. रेवती तिच्या गुडघ्यांना कोमट तिळतेल लावी, निर्गुंडीच्या पाल्याचा शेक देई, आणि दुपारी तिला झोपू देई. राजाने टोपली पाहिली आणि हुकूम काढला की तुडवणाऱ्या बायकांनी पाळीपाळीने पाण्यात उतरावे आणि काठावर शेकोटी असावी. शोधनगृह बंद झाले नाही. ज्याला पेला मानवेल त्याला तो तिथे मिळत राहिला, पण आधी त्याचे मनगट किती भरलेले आहे ते पाहिले जाई. पळस फुलला तेव्हा धारिणी आपल्या पायांनी नदीवर आली. तिचे गुडघे अजून कधीकधी दुखत. दुखले की ती तसे मोठ्याने सांगे. बांगड्या पुन्हा मनगटाशी आल्या होत्या.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, विहारात सांगितली. तिथे एक भिक्षुणी बरेच दिवस अंगदुखीने आणि थकव्याने पडून होती. तिथले स्थविर, म्हणजे वृद्ध भिक्षू, तिला उपासावर उपास सांगत होते, आणि ते विचारत तेव्हा ती "बरी आहे" असे म्हणत होती. शास्ता म्हणाला, "त्या वेळची धारिणी म्हणजे ही भिक्षुणी. नदीवरच्या बायका म्हणजे हा भिक्षुणीसंघ. ओट्यावरचे तिघे वृद्ध इथे माझ्यासमोर बसले आहेत. आणि रेवती मी स्वतः होतो. खरे बोलणे ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, आहेच. पण दुबळ्याला खरे बोलता यावे म्हणून त्याच्यासमोरचा पेला ओतून देणे, हीही सत्यपारमिताच आहे."

मग त्याने भिक्षुणीला विचारले, "तुला कसे वाटते?"

"दुखते," ती म्हणाली.

समोर बसलेल्या स्थविरांतला सर्वांत वृद्ध उठला आणि तिच्यासाठी पेज आणायला गेला.