तालुक्यात एकच

बाजार समितीचे सभापती दादासाहेब खर्डेकर यांनी नातीचं नाव ‘कियारा’ ठरवलं, कारण त्यांना तालुक्यात दुसरं नसेल असं नाव हवं होतं. पण बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे त्यांचीच मुलगी सुलभा, आणि ती दिवंगत आईच्या ‘द्वारका’ या नावावर अडून बसली होती.

“द्वारका? एकेकाळी आपल्या गल्लीत सहा होत्या,” दादासाहेब भर मांडवात गरजले. “तुझ्या आईलासुद्धा सगळे दुरकीच म्हणायचे. मुकाट्यानं कियारा म्हण!”

“म्हणते की!” सुलभा मांडवाकडे वळून ओरडली, “कियाराऽ!”

तीन पोरी धावत आल्या. मागोमाग त्यांच्या आया. एक म्हणाली ‘कियारा’, दुसरी म्हणाली ‘कायरा म्हणायचं असतं’, तिसरीने दोघींना अडाणी ठरवलं.

मग सुलभाने हाक मारली, “द्वारकाऽ!”

कुणीही हललं नाही.

“बाबा, तुमच्या सहाही जागा रिकाम्या आहेत.”

सभापतींनी घसा खाकरला. “कर कुर्र. पण दुरकी कुणी म्हटलं तर बघ!”

“मीच म्हणणार,” म्हणत सुलभा पाळण्यावर वाकली.